गारांनी मठारलेला टप

नानामिस्त्रींना हळू बोलता येत नसे. चहा हवा का, एवढंच विचारायचं असलं तरी ते असं विचारत, की पलीकडच्या गल्लीतल्या माणसानं 'नको' म्हणून उत्तर द्यावं. पहिल्या भेटीत मला वाटलं, हा माणूस माझ्यावर खेकसतोय. मी मुळातच तापट. मीही आवाज चढवला. तर ते खूश झाले आणि बायकोला म्हणाले, "ही बाई आपल्यातली हाय. हिचं बोलनं नीट ऐकू येतं."

नगरच्या तांबट आळीच्या तोंडाशी त्यांची शेड होती. आळीत सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तांब्यावर हातोडे पडत. हंडे, घागरी, बंब, परातींवर ठक ठक ठक. त्या आवाजात जन्मलेली माणसं त्या आवाजाच्या वरूनच बोलायला शिकलेली. भांडण आणि ख्यालीखुशाली यांतला फरक बाहेरच्या माणसाला तोंडाकडे बघूनच कळायचा. नाना तिथलेच. पण स्टीलची भांडी आली, तांब्याचं गिऱ्हाईक आटलं, तेव्हा आळीत सगळ्यांच्या आधी त्यांनी तांबं सोडलं आणि मोटारींचे पोचे काढायला घेतले.

मी त्यांच्याकडे गेले ती गारपिटीमुळे. तेव्हा माझा घोडेगावात दवाखाना होता आणि एक जुनी, शेवाळी रंगाची ॲम्बेसेडर होती. दवाखान्यामागे गाडीपुरती पत्र्याची शेड होती. पण घोडेगावचा गुरांचा बाजार भरला, की ती शेड माझी राहत नसे. कुणी विचारायचंसुद्धा नाही. बाजाराच्या दिवशी सावली जनावरांची, हा तिथला कायदा. त्या दिवशी एका व्यापाऱ्यानं तिथं म्हशी बांधल्या आणि माझी गाडी माणसं लावून बाहेर ढकलली. दुपारी आभाळ काळंनिळं झालं आणि गारा सुरू झाल्या. मी खिडकीतून बघत होते. म्हशी आत निवांत रवंथ करताहेत आणि माझी गाडी बाहेर मार खातेय. गारा थांबल्यावर तो व्यापारी आत आला आणि हात जोडून म्हणाला, "बाई, तुमच्या पुन्याईनं म्हशी वाचल्या बगा." यावर काय बोलणार, कपाळ!

गाडी चालत होती. इंजिनाला काही झालं नव्हतं. पण वरचा टप, बॉनेट, डिकी, सगळीकडे खळगे. दोन दिवसांत पंचक्रोशीत बातमी पसरली, की डॉक्टरीणबाईंच्या गाडीला देवी आल्यात. देवीची लस टोचायला मी ज्या गावात जाई, तिथली पोरं गाडीभोवती जमत आणि म्हातारी माणसं गालातल्या गालात हसत. एका आजीबाईंनी तर दंड पुढे करायच्या आधी विचारलं, "हिला टोचली न्हवती का?" सगळी ओसरी हसली. मी हसले नाही. दुसऱ्याच दिवशी गाडी घेऊन नगर गाठलं.

एस्टी स्टँडजवळच्या पहिल्या गॅरेजवाल्यानं गाडीकडे धड बघितलंही नाही. "लांबी भरून देतो, वर रंग मारला की नवी नवरी," म्हणाला. लांबी म्हणजे खळग्यांत भरायचा लगदा. चेहऱ्याच्या खड्ड्यांत पावडर भरावी तसला प्रकार. दुसरा म्हणाला, टपच कापून टाकू, पुण्याहून दुसरा आणू. तिसऱ्यानं माझ्या मागे कुणी आहे का ते बघितलं आणि म्हणाला, "मालकांना पाठवा, त्यांच्याशी बोलतो." मालक नव्हते. मी त्याला गाडीची, माझी आणि त्याचीही मालकी कुणाकडे आहे ते नीट समजावून सांगितलं आणि तिथून निघाले. त्याच्याच हाताखालच्या एका माणसानं मागून येऊन हळूच सांगितलं, की पत्रा खरोखर ठोकून सरळ करणारा नगरात एकच आहे, तांबट आळीचा नानामिस्त्री, पण जरा विक्षिप्त आहे.

विक्षिप्तपणा लगेच दिसला. नानांनी गाडी बघितली आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. भोवती एक फेरी मारली. वाकून, डोळा पत्र्याच्या पातळीत आणून टपावरून नजर फिरवली. मग टोपी मागे सरकवून ओरडले, "आरं काय मठारकाम हाय!"

तांब्याचं भांडं घडलं, की तांबट त्यावर हातोड्याचे बारीक ठोके अंगभर देतो. त्यानं तांबं घट्ट होतं आणि भांड्याला ते चमकते खळगे पडतात. त्याला मठारणं म्हणतात. माझ्या गाडीची वाट लागलेली आणि हा गृहस्थ देवाच्या हातोड्याचं कौतुक करतोय. "एकाला एक लागून हाय, पन एकावर एक न्हाई. मला आयुष्यात जमलं न्हाई असं," म्हणाले. मग त्यांनी पोच्यांना नावं दिली. हा बोर, हा लिंबू, हा चिंचोका. बॉनेटवर एक मोठा होता, त्याला पेढा म्हणाले. मी म्हटलं, "मिस्त्री, हे सगळं घालवायचंय." त्यांनी उसासा टाकला. "घालवू की. पन बघून तर घेऊ द्या."

त्यांना प्रत्येक गोष्ट बोटाच्या पेरानं ठोकून बघायची सवय होती. कलिंगड सगळेच ठोकतात. नाना दार ठोकत, चहाची किटली ठोकत, माझी औषधांची पेटी त्यांनी ठोकली आणि तिचा तळ गंजलाय ते सांगितलं. एकदा मी शेडमध्येच त्यांच्या शेजाऱ्याची छाती तपासत होते. बोटावर बोट ठेवून ठोकलं, तर नाना धावतच आले. "आगं बया, तुमी बी ठोकूनच बघता की!" त्या दिवसापासून त्यांनी मला धंदेवाल्यांत जमा केलं. मला त्याचा अभिमान वाटला, आजही वाटतो.

पत्र्याविषयी त्यांचं एक म्हणणं होतं. ते कुठल्याही गिऱ्हाइकाला, ऐकायचं असो वा नसो, ऐकवत. "पत्र्याला आटवन आसती. आपली मूळ जागा त्याला म्हाईत आसती. त्याला मारून मुटकून न्यायचं न्हाई, फकस्त वाट दावायची." आणि लांबीवाल्यांचा त्यांना असा राग, की विचारू नका. एकदा एका बागाइतदाराची गाडी आली, दाराला पोचा होता. नानांनी दार ठोकलं, चेहरा वाकडा केला आणि आतल्या बाजूनं एकच ठोका दिला. कधीकाळी कुणीतरी भरलेल्या लांबीची चकती रंगासकट खाली पडली. बागाइतदार लालबुंद. नाना शांतपणे म्हणाले, "ही तुमची गाडी न्हाई, ही भिंत हाय. गवंड्याकडं न्या." तो माणूस परत आला नाही. नानांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, दिवसभर बडबडल्या. नानांनी ती चकती आठवडाभर खिळ्याला टांगून ठेवली होती.

मला औषधं आणायला नगरला यावंच लागे. गाडी त्यांच्याकडे ठेवली, की मी एस्टीनं येई आणि खरेदी आटोपली की शेडमध्ये जाऊन बसे. खरं सांगायचं तर तेवढं बसायची गरज नव्हती. खेड्यात एकटीनं राहून दिवसभर फक्त दुखणी ऐकणाऱ्या बाईला तिथं बरं वाटायचं. वहिनी गूळ घातलेला चहा देत, नाना ओरडून गप्पा मारत. आज इतक्या वर्षांनीसुद्धा एखाद्या संध्याकाळी मला त्या गोंगाटाची आठवण येते आणि घरातली शांतता नकोशी होते.

त्यांच्या घरचा प्रकार मला तिसऱ्या-चौथ्या खेपेला कळला. शेडच्या मागंच घर होतं. मी जेवायला थांबले होते. पंगतीला नाना, त्यांच्यासमोर त्यांचे थोरले भाऊ, सगळे त्यांना दादा म्हणत, आणि मी. दादा विधुर, अजून तांबंच ठोकणारे, बोलायला कमी. नाना वहिनींना म्हणाले, "त्येला इचार, भाकर वाढू का." दादा जेमतेम दोन हातांच्या अंतरावर बसलेले. वहिनींनी दादांसमोर जाऊन विचारलं. दादा म्हणाले, "त्येला म्हनावं, आपल्या ताटात बघ." वहिनींनी वळून नानांना सांगितलं. हे जेवण संपेपर्यंत चाललं. मधे वहिनी ताक आणायला आत गेल्या, तर दादा माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, त्येला सांगा, मीठ सरकव." मीठ नानांच्या उजव्या हाताशी होतं. मी मुकाट्यानं निरोप पोचवला.

कारण मला नानांनीच सांगितलं. त्यांच्या वडलांची एक खरवई होती. खरवई म्हणजे तांबटाची उभी लोखंडी ऐरण, भांडं तिच्यावर उपडं घालायचं आणि ठोकायचं. दोघं भाऊ तिच्यावरच शिकले. मोठा हंडा एकट्यानं होत नाही, एक धरतो, फिरवतो आणि दुसरा मारतो. दादा धरायचे, नाना मारायचे. तोंडानं काही सांगावं लागायचं नाही. पुढे नानांनी मोटारकाम घेतलं. पत्र्याच्या आतून टेका द्यायला हातात मावतील असे जड लोखंडी ठोकळे लागतात. तसलं जुनं, कसदार लोखंड बाजारात मिळेना. दादा कुणाच्या तरी लग्नाला परगावी गेले होते. नानांनी खरवई उचलली आणि तिचं डोकं कापून ठोकळे करून आणले.

"बापाचं डोकं कापलंस, एवढंच म्हनला," नाना म्हणाले. "त्येच्यानंतर माज्याशी बोलला न्हाई."

"तुम्ही माफी मागितली नाहीत?"

नाना बराच वेळ हातोडीचा दांडा पुसत राहिले. "मागितली की. येकदा धीर करून गेल्तो. त्यो चरवी मठारत बसला हुता, माज्याकडं पाठ. मागं हुबा राहिलो, हळूच म्हनलो, दादा, चुकलं माजं. त्यानं हातोडा बी थांबवला न्हाई, बाई. ठोकतच राहिला. मग मी आलो परत." मग नेहमीच्या आवाजात, म्हणजे ओरडून, म्हणाले, "मला दुसरं काई नको. येकदा नाऱ्या म्हनावं त्यानं. ल्हानपनापासनं नाऱ्या म्हनायचा. आता मला त्या नावानं हाक मारनारं जगात दुसरं कोन न्हाई." एवढं बोलून ते बॉनेटखाली शिरले आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आले नाहीत.

बॉनेट सुरेख झालं. डिकीही झाली. राहिला टप. त्याला आतून टेका देणारा माणूस हवा होता. नाना बढाईखोर होते. एकट्यानं करतो म्हणाले. आतलं छताचं कापड उतरवलं, एक हात आत, एक हात बाहेर, असं कसरत करत ठोकायला लागले. आणि घोटाळा झाला. एकेका पोच्यावर त्यांचा हात रेंगाळला. तांब्यावर जितके ठोके द्यावे तितकं ते घट्ट होतं. मोटारीचा पातळ पत्रा मात्र ठोक्यांनी पसरतो. पसरलेल्या पत्र्याला जागा पुरत नाही आणि तो फुगतो. आयुष्यभराचा तांबटाचा हात, हे तांबं नाही हे विसरला. मी आले तेव्हा टपाच्या मधोमध भाकरीसारखा फुगवटा आलेला. बोटानं दाबला की डबकन आत जाई, सोडला की डबकन वर.

मी चिडले, म्हणजे चांगलीच चिडले. नाना खाली मान घालून डबक-डबक करत राहिले. त्यांना असं बघून माझा राग विझला. "आता काय करायचं?" मी विचारलं.

"तापवून, ठोकून, ओल्या फडक्यानं आवळावा लागंल. पन आतनं धरनारा पायजे. माजा हात वळकनारा."

"मग दादांना सांगा."

"मी?" ते म्हणाले आणि फुगवटा पुन्हा दाबायला लागले.

म्हणून मी गेले. दादा ओसरीवर बंबाचा तळ ठोकत होते. मी समोर बसले आणि आळीच्या रीतीनं ओरडून सगळं सांगितलं. त्यांनी हातोडा खाली ठेवला. "पत्रा फुगला?" म्हणाले. "तांबटाच्या हातनं?" मी मान हलवली. त्यांनी आळीत दोन्ही बाजूंना बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून. मग हातोडा उचलला आणि पुन्हा तळ ठोकायला लागले. मी परत येऊन नानांना म्हटलं, काही खरं नाही.

त्या रात्री मी नगरातच मुक्काम केला होता म्हणून पुढचं बघायला मिळालं. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा आले. सदरा काढून खुंटीला लावला. नानांकडे बघितलंही नाही. ठोकळ्यांच्या फळीपाशी गेले, एकेक उचलून हातात तोलला. ते खरवईचेच तुकडे होते. एक त्यांनी बराच वेळ धरून ठेवला. मला वाटलं, आता ठेवून जातात. पण तो घेऊन ते गाडीत शिरले, सीटवर उताणे झाले आणि ठोकळा टपाला आतून लावला.

नानांनी बाहेरून एक ठोका दिला. आतला ठोकळा सरकला. दुसरा ठोका, पुन्हा सरकला. एकमेकांना न बघता त्यांचं असं जमत गेलं, की एका माणसाचे चार हात असावेत. दिव्याच्या झोतानं पत्रा तापवायचा, ठोकायचं, ओलं फडकं फिरवायचं. नाना घामानं थबथबले होते आणि गात होते. गाणं कसलं, एकच ओळ, तीही बेसूर. वहिनी दारात उभ्या राहून पदरानं डोळे पुसत होत्या आणि मला सांगत होत्या, धूर झालाय.

टप बसायला काही दिवस गेले. त्या दिवसांत नाना बाहेरून सारखे बोलत. "जरा डावीकडं... लई ग्वाड... आता लिंबू घेऊ." आतून कधीच उत्तर नाही. नाना मग माझ्याकडे बघून हसल्यासारखं करत. त्यांना वाटे, हा अजून अबोला. मलाही तेच वाटलं. पण एकदा मी गाडीच्या मागच्या दारापाशी, दादांच्या डोक्याशी उभी होते. त्यांच्या हाताला खरचटलं होतं. मी साध्या आवाजात म्हटलं, "दादा, हात दाखवा." काही नाही. माझ्याशी तर त्यांचं वैर नव्हतं. पुन्हा म्हटलं. काही नाही.

ते बाहेर येऊन पाणी प्यायला वाकले तेव्हा मी मागे उभी राहिले आणि अगदी सहज, आपण घरात बोलतो तशी बोलले, "दादा, तुमच्या धोतरावर विंचू चढतोय." दादा तांब्या उंच धरून शांतपणे पाणी पीत राहिले.

मी डॉक्टर असून इतके दिवस माझ्या लक्षात आलं नव्हतं आणि घरात तर कुणाच्याच आलं नव्हतं. येणार कसं? जन्मभर हातोड्याखाली कान गेलेले. पण आळीत प्रत्येक जण ओरडूनच बोलतो, समोर उभं राहून बोलतो. समोरून ओरडलेलं दादांना थोडंफार ऐकू यायचं, उरलेलं ते तोंडावरून ओळखायचे. त्या घरात आजवर एकच गोष्ट कुणी हळू आवाजात बोललं होतं आणि तीही त्यांच्या पाठीमागून.

मी नानांना शेडच्या मागं नेलं आणि सांगितलं. त्यांना आधी कळेना. मग कळलं, तेव्हा ते खाली जमिनीवरच बसले.

"म्हंजी त्यानं ऐकलंच न्हाई?"

"नाही ऐकलं."

"म्हंजी त्येला वाटतंय, नाऱ्या कदी आलाच न्हाई." त्यांचे हात मांडीवर पडून होते. मी ते हात रिकामे प्रथमच बघत होते. "इतकी वर्सं मला वाटलं, त्यानं माफ केलं न्हाई. आन् त्येला वाटलं, म्या मागितली न्हाई."

"मग आता जाऊन सांगा. मोठ्यांदा सांगा."

"आळीत? माफी काय लिलावावानी वरडायची आसती का, बाई?"

"मग समोर बसून सांगा. ते ओठ वाचतात."

"समूर बघून बोलता आलं असतं, तर पाटीमागनं कशाला बोललो असतो?"

 तापट माणसाला दुसऱ्याचं भित्रेपण पटकन दिसतं, पण ते घालवायचं कसं ते कुणी शिकवलेलं नसतं.  टप झाला. रंगही झाला. नाना रोज सांगतो म्हणत आणि रोज संध्याकाळ होई. दादा काम संपवून परत आपल्या बंबाकडे गेले. मला भीती वाटायला लागली, की आता पुन्हा वहिनींच्या तोंडून मीठ मागणं सुरू होणार.

त्याच सुमारास माझं लग्न ठरलं, घोडेगाव सुटलं, पुढं मी विदर्भात गेले. नगरला जाणं झालं नाही. बऱ्याच वर्षांनी नगरचा एक माणूस भेटला, त्यानं सांगितलं, की दोघेही भाऊ गेले, आधी थोरला आणि वर्षाच्या आत धाकटा. त्यानंतर मी जाऊन तरी काय करणार होते? पण गाडी ताब्यात घ्यायला गेले तो दिवस माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. नानांना मी पाहिलं ते तेव्हाच, शेवटचं.

ऊन रणरणत होतं. गाडी शेडच्या बाहेर, आळीच्या तोंडाशी उभी होती, शेवाळी, तुकतुकीत, अंगावर एक वण नाही. आळीत हातोड्यांचा नेहमीचा कल्लोळ चालला होता. मी वहिनींच्या शेजारी पायरीवर बसले. नाना घरात गेले आणि दादांना हाताला धरून घेऊन आले. हाताला धरून, हे मी नीट बघितलं. दादाही गोंधळले होते. नानांनी गाडीकडे, मग छताकडे बोट दाखवलं. आत बसून बघ, अशी खूण केली. दादा डाव्या बाजूला बसले, नाना स्टिअरिंगपाशी. मग नानांनी दारं ओढली आणि आतून हँडल फिरवून एकेक काच वर चढवायला सुरुवात केली. तसल्या उन्हात.

"खुळे झाले का हे?" वहिनी म्हणाल्या. "शिजून निघतील आत."

मला मात्र उमगलं. मी वहिनींचा हात धरला आणि त्यांना उठू दिलं नाही.

आम्हाला आतलं काहीच ऐकू येत नव्हतं. नाना दादांकडे वळले. त्यांची मान आधी खाली होती, मग वर आली. तोंड उघडलं. दादांनी कानामागे हात धरला. नानांनी पुन्हा तोंड उघडलं, या वेळी गळ्याच्या शिरा ताठल्या, चेहरा लाल झाला. ते ओरडत होते. बंद काचांच्या आत, हातोड्यांच्या त्या कल्लोळात, जिवाच्या आकांतानं ओरडत होते आणि आळीत कुणालाही ऐकू जात नव्हतं. दादांनी कानामागचा हात काढला. त्यांनी नानांच्या तोंडाकडे बघितलं, मग समोरच्या काचेतून कुठंतरी दूर. मला वाटलं, एवढं करून फुकट गेलं.

मग दादा वळले आणि काहीतरी म्हणाले. लांबलचक नव्हतं. दोन अक्षरं असतील फार तर.

नानांचं डोकं स्टिअरिंगवर पडलं. ते पडलं नेमकं हॉर्नवर, आणि हॉर्न वाजायला लागला. लांब, सलग, थांबेचना. शेजारच्या ओसरीवरचा हातोडा थांबला. पलीकडचा थांबला. एकेक करत सगळी आळी थांबली, माणसं दारांत आली आणि बघायला लागली. दादांना तो हॉर्न ऐकू येत होता की नाही, कोण जाणे. त्यांनी नानांना उठवलं नाही. त्यांचा हात धाकट्या भावाच्या पाठीवर हळूहळू फिरत होता.